उन्हाळ्यातला एक तास

अण्णा, तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण विचारल्याशिवाय चैन पडणार नाही, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ज्या सरकारकडे रणगाडे आहेत, विमानं आहेत, तुरुंग आहेत, ते सरकार पंचांग उघडून बसलेल्या माणसाला का घाबरतं?

प्रश्न माझा नाही, तुमच्या पणतीचा आहे. ती सतरा वर्षांची झाली, इथे विलायतेत, ईलिंगमध्येच शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. इतिहासासाठी तिला एक लांबलचक निबंध लिहायचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या जर्मनीत, त्या हुकूमशहाच्या राज्यात, ज्योतिषांचं काय झालं हा विषय तिने आपणहून घेतला. का घेतला म्हणून विचारलं तर म्हणाली, सगळे जण रणगाड्यांवर लिहितात, बोअरिंग. फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची. आईवडील दोघं कामावरून उशिरा येतात, माझा मुलगा तर रीडिंग गावाहून ट्रेनने, तेव्हा ऐकायला घरात मीच. मी चहा करायचो, गॅस बंद केला की नाही ते तीनदा पाहायचो, आणि ती म्हणायची, "आजोबा, ऑफ आहे. बसा. तुम्ही एक्स्पर्ट आहात ना, मला सांगा."

"मी कसला एक्स्पर्ट? मॅट्रिक नापास माणूस."

"पण तुमचे बाबा प्रोफेशनल होते."

प्रोफेशनल! अण्णा, हे तुम्ही ऐकायला हवं होतं. ओसरीवर उघड्या अंगाने बसून पत्रिका मांडणारे तुम्ही, शेंगा आणि कोहळे दक्षिणा म्हणून घेणारे.

तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. आधी त्या देशात ज्योतिषांची चलती होती, घरोघरी पत्रिका करून घेत असत. हा माणूस गादीवर आला आणि हळूहळू दोर आवळले गेले. त्याची स्वतःची पत्रिका मांडून छापायची नाही, असा हुकूम निघाला. मग त्याचा उजवा हात समजला जाणारा एक पुढारी कोणाला न सांगता एकटाच विमान घेऊन निघाला आणि इथे, स्कॉटलंडमध्ये उतरला, म्हणे तह करायला. तिकडे एवढी नाचक्की झाली की कोणावर तरी ढकलणं भाग होतं. ज्योतिषांनी त्याचं डोकं फिरवलं, असं ठरलं. पोलिसांनी देशभर ज्योतिषी, हात बघणारे, झाडफूक करणारे गोळा केले. पुस्तकं खोक्यांत भरून नेली. काही जण सुटून आले, काही छावण्यांतून आलेच नाहीत.

"पण हे ऐका," ती म्हणाली. "सेम गव्हर्न्मेंट, ओके? त्यांच्याच ऑफिसमध्ये एक ज्योतिषी पगारावर ठेवला होता. जुनी भाकितं काढायची आणि त्यातून आपण जिंकणार असं दाखवायचं, पत्रकं छापायची. आणि नेव्हीमध्ये लोकं मॅपवर दोरीला वजन बांधून फिरवत होते, ब्रिटिश जहाज कुठे आहे ते बघायला. फेक आहे म्हणून जेलमध्ये टाकतात आणि परत त्यांनाच कामाला लावतात. लीडरचा होरोस्कोप करायचा नाही. का? फेक आहे तर करू दे ना. हू केअर्स?"

"आणि इथले इंग्रज?"

"त्यांनी पण एक ठेवला होता! तिकडचा ज्योतिषी काय सांगत असेल ते गेस करायला."

मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं. पलीकडच्या आळीतल्या जोश्याने काय मुहूर्त दिला याची चौकशी तुम्हीही करायचात.

तिच्या इतिहासाच्या मॅमने तिला सांगितलं होतं की निबंधात एक बाजू घे. त्या लोकांचा यावर विश्वास होता की त्यांना याची भीती होती? ती मला रोज तेच विचारायची आणि मी रोज वेगळं उत्तर द्यायचो. एक दिवस म्हणालो, ज्याला उद्या फक्त माझ्या हातात आहे असं सांगायचं असतं, त्याला उद्याबद्दल बोलणारा दुसरा माणूस चालत नाही. तिने ते टाइप करून घेतलं. माझं वाक्य कोणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही. नंतर दोन दिवस मला काळजी, चुकलं असेल तर पोरीचे मार्क जातील.

तिचं ऐकताना मला आपली ओसरी दिसायची. दोन शिपाई कपाटातली पंचांगं खोक्यात भरतायत, लाल फडक्यातल्या पोथ्या वर टाकतायत, आणि तुम्ही त्यांना म्हणताय, अहो, सुतळी जरा नीट बांधा, पानं सुटी आहेत. तुम्ही घाबरला असतात का? मला तुम्ही घाबरलेले आठवत नाहीत. एकदा सोडून. म्हणून तिने जेव्हा विचारलं, "तुमच्या बाबांना कोणी सांगितलं असतं की आमचाच विजय होणार असं लिहून द्या, तर?" तेव्हा मी ताडकन म्हणालो, "त्यांनी नाही म्हटलं असतं."

ते खोटं होतं. नगरपालिकेच्या निवडणुकीआधी तो जीपवाला पुढारी आला होता. त्याची पत्रिका तुम्ही समोर घेतलीत. मग म्हणालात, अर्ज भरायला मुहूर्त देतो, निकाल मी सांगत नसतो. तो हसून म्हणाला, "जोशीबुवा, निकाल मला नको, लोकांना सांगायचाय." तुम्ही लिहून दिलंत. दोन दिवसांनी गावभर पिवळं पत्रक फिरलं, विजय निश्चित, आणि खाली तुमचं नाव. त्या सकाळी तुम्ही मागच्या नळावर हात धूत उभे होतात, फार वेळ. आई म्हणाली, पाणी जाईल हो. तो माणूस पडला. तुम्ही त्यावर कधीच बोलला नाहीत. मला राग नाही अण्णा, खरंच नाही. नुसतं जाणून घ्यायचं आहे. त्या पत्रिकेत तुम्हाला हार दिसली होती आणि तरी तुम्ही जीत लिहून दिलीत, की काहीच दिसलं नव्हतं?

आता खरी गोष्ट. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे सगळी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरात पुन्हा मागे आणतात. मोबाइल आपले आपण बदलतात. भिंतीवरचं, ओव्हनवरचं आणि हीटिंगचं घड्याळ मात्र मी बदलतो, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. मी भिंतीवरचं उतरवून काटा फिरवत होतो आणि ती टोस्ट खात होती.

"फन फॅक्ट, आजोबा. वॉरमध्ये इथे समरला दोन तास पुढे करायचे. मॅम म्हणाली, त्या वेळच्या रेकॉर्डमध्ये टाइम लिहिला असला तर केअरफुल राहायचं. घड्याळात सात म्हणजे सूर्याचे सात नाही."

माझा हात काट्यावर तसाच राहिला. ती जुलैत जन्मली होती. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मुलाने हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा मी ती वेळ कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली होती. त्याच दुपारी तिची पत्रिका मांडायला बसलो. पुस्तकात ग्रीनिच आणि आपल्याकडची वेळ यांत साडेपाच तासांचं अंतर दिलेलं, ते मी घातलं. आणि त्याच्या तासभर आधी मी पुण्याला बहिणीला फोन करून बारशाचं विचारत होतो, तेव्हा मात्र साडेचारच तास धरले होते, कारण उन्हाळ्यात साडेचारच असतात, हे इथल्या प्रत्येक मराठी माणसाला झोपेतही माहीत असतं. फोनसाठी माहीत होतं. पत्रिकेसाठी सुचलं नाही. सतरा वर्षं सुचलं नाही.

एका तासाने काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी सिंह लग्नरास धरली होती, खरी कर्क. सिंह धरली तर मीनेतला चंद्र आठव्या घरात, मृत्यूच्या घरात जातो. मीन ही पाण्याची रास, चंद्रावर मंगळाची आठवी दृष्टी. मी ते पुस्तकात होतं तसंच वाचलं: पोरीला पाण्यापासून भय आहे. कर्क धरली की तोच चंद्र नवव्या घरात बसतो. भाग्यस्थान. मी खुर्चीवर बसलो. ती म्हणाली, "काय झालं? पेल दिसता." मी म्हणालो, काही नाही, हात वर करून चक्कर आली. आणि ओव्हनचं घड्याळ बदलायचं विसरलो, पुढचे चार दिवस घरात दोन वेळा चालू होत्या.

वेळेचे असे फरक कसे काढायचे हे तुम्ही मला शिकवणार होतात. गावागावाचा सूर्योदय कसा वेगळा, घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांत किती अंतर. मॅट्रिक नापास झाल्यावर तुम्ही मला पत्रिका मांडायच्या पाटासमोर बसवलं होतं, मी एकोणीस वर्षांचा होतो, दीड वर्ष शिकलो. मग एक दिवस कापडदुकानवाले आले. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात आणि त्यांची पत्रिका माझ्यासमोर उघडी होती. मला काहीतरी येतं हे दाखवायची मला घाई. मी म्हणालो, "काका, पुढचं वर्ष जड आहे हो तुम्हाला. जपा." त्यांचा चेहरा अजून दिसतो. तुम्ही दारात उभे होतात. ते गेल्यावर तुम्ही माझ्यासमोरून पाट उचललात. मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "आजपासून याला हात लावायचा नाही."

"पण अण्णा, बरोबर होतं ना?"

तुम्ही पाट घेऊन आत गेलात. ते गृहस्थ पुढे वीस वर्षं चांगले जगले. पण त्या वर्षात भीतीपोटी घाईने मुलगी उजवून टाकली, सतरा वर्षांची, वर्गात पहिली येणारी. ते मला आता आठवतं, तेव्हा आठवण्यासारखं वाटलं नव्हतं.

मग सहा वर्षांनी तुमची सून इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आली आणि तिच्या मागून मी. एसटी स्टँडवर तुम्ही माझ्या हातात त्या वर्षाचं पंचांग ठेवलंत. "तिथे तिथी कळायला." हात लावू नको म्हणणारे तुम्ही! मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं चादरी इस्त्री केल्या आणि जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीतल्या पुस्तकांतून कोष्टकं उतरवून घेतली, लपून. बायकोला आवडायचं नाही, पुढे मुलालाही नाही. तो म्हणाला, या घरात हे नको. म्हणून पंचांगं माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या स्वेटरांखाली. आता तुमच्या पणतीचा निबंध वाचताना वाटतं, बंदी घालणाऱ्याला वाटत असतं की विद्या संपली. ती संपत नाही, अर्धी उरते. आणि अर्धीवाल्याला कोणी चुकलास म्हणून सांगू शकत नाही, कारण तो ती दाखवतच नाही. परवा मी ते तुमचं पंचांग काढून पानन्पान चाळलं. समासात तुमच्या हातचं काही असेल, वेळेबद्दल एखादी ओळ. एकादश्यांना पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, एवढंच.

मी काय केलं ते अजून लिहिलं नाही. टाळतो आहे. इथे शाळेतून मुलांना पोहायला नेतात. ती नऊ वर्षांची असताना कागद घरी आला. मुलाला पत्रिकेचं सांगितलं असतं तर त्याने मलाच ट्रंकेत घातलं असतं. म्हणून माझ्या सुनेला, पोरीच्या आईला, सांगितलं की आंघोळीनंतर पोरीचा कान दुखतो, ती दुपारी माझ्यापाशी रडते. शाळेतून आणणं, खायला घालणं माझ्याकडे होतं, तेव्हा कोणी शंका घेतली नाही. डॉक्टरला दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. मी पुन्हा सांगितलं, दुखतो. सून म्हणाली, जाऊ दे, पोहणं काय पुढेही शिकेल. दर गुरुवारी बाकी वर्ग पाण्यात आणि ही काठावरच्या बाकावर शाळेच्या कपड्यांत. एकदा मी आणायला लवकर गेलो तेव्हा काचेतून पाहिलं, ती बाकावर बसल्या बसल्या हात हलवत होती, बाईंनी दाखवले तसे. पुढे तिलाच पटलं. "माझा कान वाईट आहे" असं ती सगळ्यांना सांगू लागली. अण्णा, ती अजून केस धुताना कानात कापूस घालते.

परीक्षेनंतर ती मैत्रिणींबरोबर कॉर्नवॉलला समुद्रावर जाणार आहे. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत तिने कौन्सिलच्या स्विमिंग पूलमध्ये मोठ्यांच्या क्लासला नाव घातलं. बुधवारी ती टेबलावर कानात घालायचे रबरी बूच घेऊन बसली होती, पाकिटावरच्या सूचना वाचत. मला ते बघवेना.

"कानाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हतं." आणि सगळं सांगितलं. पत्रिका, मीन, मंगळ, तो तास. ती ऐकताना पाकिटाचा कोपरा फाडत होती.

"सो मला बॅन केलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुमचा बिलीफ होता, की तुम्ही स्केअर्ड होता?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर, आजोबा. मॅमने माझा निबंध ह्याच्यासाठीच परत दिला होता." आणि ती वर निघून गेली. बूच टेबलावर राहिले. दोन दिवस ती माझ्याशी फक्त मीठ, रिमोट एवढंच बोलली. मी दाराची कडी चारचारदा पाहत राहिलो. तिने वडिलांना सांगितलं नाही. मला वाटलं सांगेल, ते बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी खालून आवाज आला, "आजोबा, शूज घाला. तुम्ही येता."

"मी कशाला?"

"बघायला. तुमचा मंगळ पण घेऊन या, बसपास आहे ना त्याला?"

बसमध्ये ती खिडकीशी, मी शेजारी. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, नवीन टाइम घालून होरोस्कोप पुन्हा केला का? मी म्हणालो, नाही, आणि करणारही नाही. तिने मान हलवली. ते खरं आहे. लग्नरास बदलली की आठव्या घरात कुंभ येते. तिथे कोणता ग्रह बसला आहे ते ट्रंकेतल्या जुन्या कागदावर आहे, घडी उलगडली तर दिसेल. उलगडलेली नाही.

वर प्रेक्षकांच्या बाकावर मी बसलो. क्लोरीनचा वास, सगळीकडे आवाज घुमतोय. मोठ्यांच्या क्लासात सात जण, एक माझ्यापेक्षा थोड्या लहान बाई, आणि ही. कानात काही नाही. शिकवणाऱ्या मुलीने तिला कड धरून पाय मारायला लावले. मग कड सोडायला सांगितली. ती सोडेना. तिने वर माझ्याकडे पाहिलं. अण्णा, मी काय करायला हवं होतं? मी मान हलवली, हो म्हणून. तिने कड सोडली. खाली गेली, डोकं दिसेना, मी उठून उभा राहिलो. वर आली, खोकली, नाकातोंडातून पाणी, आणि हात मारत, वेडेवाकडे, बाकावर बसून मारायची तसे, तीन-चार हात पुढे गेली. शिकवणारी मुलगी ओरडली, ब्रिलियंट!

परत येताना ती ओल्या केसांनी बसमध्ये झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. मला वाटलं, हे तुम्हाला लिहावं. लिहून हे पत्र तुमच्या पंचांगातच ठेवणार आहे, आणखी कुठे टाकणार.

एक सांगायचं राहिलं, ते तिला सांगितलेलं नाही. तिने कड सोडली तेव्हा मी तिच्याकडे पाहत होतो हे खरं, पण त्याच वेळी माझी नजर समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडेही गेली. चार वाजून सतरा मिनिटं. ती पाण्याबाहेर यायच्या आत मी ती वेळ क्लासच्या पावतीमागे लिहून घेतली. आणि खाली लगेच दुसरी वेळ लिहिली, एक तास वजा करून.